प्रातःस्मरणीय कोण, आणि कशासाठी?

आज घरोघरी घट बसला. परडीतल्या काळ्या मातीत धान्य पेरले गेले, वर पहिली माळ चढली आणि नंदादीप तेवू लागला. आमच्या पंढरीत रुक्मिणीमातेच्या मंदिरात आता दसऱ्यापर्यंत नित्य नवा पोशाख, नित्य नवे अलंकार; आणि ज्या घरांत कुळाचार अद्याप सांभाळला जातो, त्या घरांत सप्तशतीचा पाठ. या पाठाला जोडून ऋग्वेदातील देवीसूक्त म्हणण्याचा प्रघात आहे. दहाव्या मंडलातील हे १२५ वे सूक्त, ऋचा अवघ्या आठ. गुरुजी ते खणखणीत स्वरात म्हणतात, यजमान हात जोडून बसतात आणि घरची गृहिणी नैवेद्याच्या धांदलीत स्वयंपाकघरात असते. आता गंमत पाहा. या सूक्ताची द्रष्टी एक स्त्री आहे. अंभृण ऋषींची कन्या वाक्, हिला ते स्फुरले. सूक्तभर जो ‘मी’ गर्जतो तो तिचा आहे. ती देवीचे वर्णन करीत नाही, देवी होऊन बोलते. ज्या घरात हे सूक्त तीन पिढ्या म्हटले जात आहे, त्या घरातील लेकीसुनांना ही गोष्ट कुणी सांगितली आहे काय? मी तरी चाळीस वर्षांच्या कीर्तनसेवेत फार उशिरा सांगू लागलो, हे आरंभीच कबूल करतो.

आजच्या लेखाचे निमित्त तेच आहे. नवरात्रात आपण थोर स्त्रियांचे पुण्यस्मरण करतो. व्याख्याने होतात, कीर्तने होतात, शाळांतून मुलींना सावित्री, जिजाऊ, अहल्याबाई यांच्या वेषात उभे करतात. स्मरण योग्यच आहे. परंतु आपण त्यांचे कोणते गुण घेतो आणि कोणते हळूच बाजूस ठेवतो, याचा विचार व्हावयास हवा. माझा अनुभव असा की, आपल्या थोर स्त्रियांचे मौन आपण पूजितो आणि त्यांची वाणी गाळून टाकतो.

हे मला कुणा पंडिताने दाखविले नाही. काही वर्षांपूर्वी वटपौर्णिमेच्या निमित्ताने जवळच्या एका खेड्यात कीर्तन होते. उत्तररंगास अर्थातच सावित्रीचे आख्यान. नारदांचे भाकीत झाले, अरण्यातला प्रसंग रंगला, यमधर्म पुढे आणि सावित्री मागे, असे निघाले. येथे मी नेहमीप्रमाणे दोन साक्या म्हटल्या, यमाच्या रेड्यावर एक विनोद केला, सावित्रीने शंभर पुत्र मागून यमाला कसे पेचात पकडले हे सांगून टाळ्या घेतल्या आणि आरतीकडे वळलो. कीर्तन संपल्यावर बुक्का लावून घेण्यास आलेल्या एक वृद्ध बाई थांबल्या. हातात काठी, कपाळी कुंकू नव्हते. म्हणाल्या, “बुवा, लहानपणापासून ही कथा ऐकते. ती यमामागं चालत होती, तेव्हा त्याच्याशी बोलत होती म्हणतात. पण काय बोलत होती, ते कुणीच सांगत नाही. तुम्ही तर शास्त्रीबुवा. तुम्हांला ठाऊक असेल.”

ठाऊक होते, म्हणजे पोथी घरात होती. महाविद्यालयात असताना तो भाग अभ्यासलाही होता. परंतु त्या क्षणी त्या माउलीस सांगण्यासारखे एक वाक्य माझ्या तोंडी येईना. “पुढच्या वेळी सांगतो, आजी,” म्हणालो. पुढची वेळ आली नाही. पुढील वर्षी त्या गावी गेलो तेव्हा त्या निवर्तल्या होत्या.

म्हणून त्यांना सांगावयाचे राहिले ते येथे सांगतो. सावित्र्युपाख्यान महाभारताच्या वनपर्वात आहे. सात अध्याय. मार्कंडेय ऋषी ते युधिष्ठिराला सांगतात. मद्र देशाचा राजा अश्वपती याची ही कन्या इतकी तेजस्वी की तिच्या तेजाने दिपून कुणी तिला मागणीच घालीना. तेव्हा पित्याने तिला सांगितले, तुझा पती तूच शोध. ती रथ घेऊन निघाली, तपोवने पालथी घातली, आणि राज्य गमावलेल्या अंध द्युमत्सेनाचा पुत्र सत्यवान निवडून आली. नारदांनी त्याचे आयुष्य वर्षाचे असल्याचे सांगितले. पित्याने दुसरा वर पाहण्यास सुचविले, तेव्हा तिने भर सभेत नकार दिला. आपल्याकडे हा नकार पातिव्रत्याचा पहिला धडा म्हणून सांगतात. तो तसा आहेही. परंतु तो एका मुलीने वडिलांसमोर आणि देवर्षींसमोर शांतपणे केलेला युक्तिवादही आहे, आणि नारद तो मान्य करतात.

पुढे यमाच्या मागे जाताना ती रडत नाही, पाय धरीत नाही. ती बोलते. पहिले तिचे म्हणणे असे की, सात पावले बरोबर चालले की मैत्री होते असे जाणते म्हणतात. आपण त्याहून अधिक चाललो, तेव्हा मित्र या नात्याने काही बोलते, ते ऐका. मृत्यूशी मैत्रीचे नाते जोडून संवादाला आरंभ करणारी दुसरी व्यक्ती मला जागतिक वाङ्मयात ठाऊक नाही. कठोपनिषदातील नचिकेतादेखील यमाच्या दारी अतिथी म्हणून जातो. मग ती धर्माविषयी बोलते, सज्जनांच्या सहवासाविषयी बोलते. सर्व भूतांविषयी अद्रोह, अनुग्रह आणि दान हा सज्जनांचा नित्य धर्म आहे, आणि दारी आलेल्या शत्रूवरही ते दया करतात, असे ती यमालाच ऐकविते. त्याला ‘यम’ का म्हणतात आणि ‘धर्मराज’ का म्हणतात, हेही त्याच्याच तोंडावर उलगडून सांगते. आणि यम काय म्हणतो? तो प्रसन्न होतो तो तिच्या अश्रूंनी नव्हे. स्वर, अक्षर आणि व्यंजन यांनी शुद्ध आणि युक्तीने परिपूर्ण अशा तिच्या वाणीने आपण संतुष्ट झालो, असे तो सांगतो. शुद्ध उच्चार आणि तर्कशुद्ध विचार! प्रत्यक्ष मृत्युदेवतेने एका स्त्रीला दिलेले हे प्रमाणपत्र आम्ही हरिदासांनी रेड्याच्या विनोदाखाली गाडून टाकले.

आणखी एक बारकावा. आम्ही सांगतो की सावित्रीने शंभर पुत्र मागून यमाला फसविले. मूळ ग्रंथात फसवणूक नाही. सासऱ्यांची दृष्टी, त्यांचे राज्य, पित्याला शंभर पुत्र आणि मग स्वतःला शंभर पुत्र, हे चार वर देताना यम ‘सत्यवानाचे प्राण सोडून काहीही माग’ अशी अट घालतो. पाचव्या वराच्या वेळी तिच्या बोलण्याने तो इतका भारावलेला असतो की अट घालावयाची विसरतो, की मुद्दाम सोडून देतो, कोण जाणे. सावित्रीच्या ते तत्काळ ध्यानात येते. ती स्पष्ट म्हणते की या वेळी आपण पूर्वीसारखा अपवाद केलेला नाही, आणि उघडपणे पतीचे प्राण मागते. समोरच्याने उच्चारलेल्या प्रत्येक शब्दाकडे आणि गाळलेल्या शब्दाकडेही जिचे लक्ष आहे, अशी ही स्त्री आहे. तिच्या नावाने वडाला सूत गुंडाळावे, जरूर गुंडाळावे. परंतु दोरा गुंडाळताना मुलीला एवढे तरी सांगावे की ती बोलली म्हणून तो परत आला.

पातिव्रत्याचे मोल कमी करावे असा माझा हेतू नाही. गैरसमज नको. महर्षी व्यासांनाच या दोन गोष्टींत विरोध दिसला नाही. वनपर्वात द्वैतवनातील एका संध्याकाळी द्रौपदी युधिष्ठिराजवळ बसते आणि बोलू लागते. तेथे तिचे वर्णन करताना व्यासांनी ‘पतिव्रता’ हे विशेषण वापरले आहे. आणि त्याच्या लगतच ‘पंडिता’ हेही वापरले आहे. एकाच श्लोकात, शेजारी शेजारी. आम्ही वाचणाऱ्यांनी एक उचलले आणि दुसरे तेथेच राहू दिले.

पतिव्रता आणि पंडिता अशी ही द्रौपदी कुरुसभेत काय करते? दुर्योधनाचा दूत तिला दासी म्हणून बोलावण्यास येतो, तेव्हा ती त्याला एक प्रश्न घेऊन माघारी पाठविते: राजाने आधी स्वतःला पणास लावून हरविले की आधी मला? जो स्वतःच दास झाला त्याला दुसऱ्याला पणास लावण्याचा अधिकार उरतो काय, असा हा निव्वळ धर्मशास्त्रातील प्रश्न आहे. भीष्मांसारखे भीष्म म्हणतात की धर्माची गती सूक्ष्म आहे. त्या सभेत विदुर बोलला, आणि कौरवांपैकी एकटा विकर्ण बोलला. बाकी साऱ्यांनी माना खाली घातल्या. वस्त्रहरणाच्या प्रसंगी भगवंत धावून आले, हे आपण गातो. गावेच. पण भगवंत येण्यापूर्वी एका स्त्रीने विचारलेला प्रश्न साऱ्या सभेला निरुत्तर करून उभा होता, हे कीर्तनात कुणी रंगविले आहे? पुढे धृतराष्ट्र तिला वर देतो. पहिल्याने ती युधिष्ठिराला दास्यातून सोडविते, दुसऱ्याने उरलेल्या चौघांना शस्त्रांसह. तिसरा वर मागण्याचा आग्रह होतो, तो ती नाकारते. लोभाने धर्माचा नाश होतो, म्हणते. पांडव बुडत होते, त्यांना पांचाली नाव होऊन पार घेऊन गेली, हे उद्गार कुणा मित्राचे नाहीत, त्याच सभेत बसलेल्या कर्णाचे आहेत.

आपण ज्यांना प्रातःस्मरणीय पंचकन्या म्हणतो, त्यांत तारा आणि मंदोदरी आहेत. लहानपणी मला कोडे पडे की वानराची राणी आणि राक्षसाची राणी यांचे नाव पहाटे का घ्यावयाचे? वाल्मीकींचा ग्रंथ वाचल्यावर उलगडा झाला. सुग्रीव दुसऱ्यांदा युद्धास ललकारतो तेव्हा त्याच्या पाठीशी राम आहे, जाऊ नका, असे तारा वालीला विनवून सांगते. सीतेला परत पाठवा, असे मंदोदरी रावणाला सांगते. दोघींचे ऐकले गेले नाही आणि दोघींची राज्ये बुडाली. पतीच्या ‘हो’ला ‘हो’ म्हणणे हा जर सतीधर्म असता, तर या दोघी त्या यादीत कशा? जेथे घराचा नाश दिसतो तेथे धन्यालाही खरे सांगणे, हाच त्यांचा धर्म होता. सीतामाईविषयी इतकेच म्हणतो की, वनात जाण्याचा निर्णय तिचा होता, रामाने नको म्हटले असता वाद घालून घेतलेला. आणि अखेर राजवाड्यात न परतता धरणीच्या कुशीत जाण्याचा निर्णयही तिचाच. या दोन निर्णयांच्या मधला काळ आपण तिच्या सोसण्याने भरून टाकतो.

आता आमच्या रुक्मिणीमातेकडे वळतो, कारण येथे तर घरचाच प्रश्न आहे. उपवर मुलीने नाथमहाराजांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’चे पारायण करावे, म्हणजे लग्न लवकर जमते, अशी आपल्याकडे श्रद्धा आहे. किती घरांत आजही पोथी उघडते! परंतु पोथीत काय आहे? थोरला भाऊ रुक्मी याने शिशुपालाशी ठरविलेले लग्न जिला मान्य नाही, अशी एक मुलगी आहे. ती मनातल्या मनात कुढत नाही. विश्वासू ब्राह्मणाच्या हाती द्वारकेस पत्र पाठविते; भागवताच्या दशम स्कंधात ते सात श्लोकांचे आहे. त्यात केवळ प्रीती नाही; मी अंबिकेच्या दर्शनास कोणत्या दिवशी बाहेर पडेन, तेथून मला कसे न्यावे, याची व्यवस्थित योजना आहे. हे पारायण जिच्याकडून आपण करवून घेतो, त्या मुलीला माजघरात बसवून ओसरीवर तिचे लग्न परस्पर ठरवितो, तेव्हा आपण कोणत्या पक्षाचे असतो? रुक्मिणीच्या, की रुक्मीच्या?

हा प्रश्न मी वाचकांना विचारतो आहे, तसा मलाही विचारतो, कारण आमच्याच घरात तो एकदा उभा राहिला होता.

वडील व्युत्पन्न शास्त्री होते. पहाटे मला आणि शेजारच्या दोन मुलांना अमरकोश, रूपावली, नंतर रघुवंश शिकवीत. माझी थोरली बहीण, अक्का, त्या वेळी शेजारच्या खोलीत डाळ निवडीत बसलेली असे. मी अडलो की आतून पुढचा शब्द येई. वडील हसत, “हिची बुद्धी तीक्ष्ण आहे,” म्हणत, आणि माझ्याकडे पाहून पाठ पुढे नेत. अक्काला त्यांनी कधी बाहेर येऊन बस म्हटले नाही. ती सतरा वर्षांची झाली, शाळा सुटली, पारायणाला बसली. स्थळ आले. तिने एकदाच, आईकरवी, विचारले होते की दोन वर्षे थांबून मलाही शिकविता का? वडील म्हणाले, आता सासरी जाऊन काय ते शिक. ते दुष्ट नव्हते. लेकीवर त्यांचा जीव होता, पाठवणीच्या वेळी ढसाढसा रडले. आणि मी? मी काहीच बोललो नाही. तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. पण नंतर बावीस वर्षांचा झालो, बत्तिसाचाही झालो.

शास्त्राने याला आडकाठी केली होती काय? शास्त्राविषयी शास्त्राच्याच आधारे बोलावे. बृहदारण्यकोपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उत्तम संततीसाठी कोणता आहार घ्यावा, हे सांगितले आहे. विद्वान पुत्रासाठी सांगितले आहे, तसेच आपली कन्या पंडिता व्हावी आणि तिला पूर्ण आयुष्य लाभावे अशी इच्छा असणाऱ्या दांपत्याने तिळमिश्रित भात तुपासह खावा, असेही सांगितले आहे. कन्या ‘पंडिता’ व्हावी ही इच्छा उपनिषदाने गृहीत धरली आहे. त्यावर भाष्य करताना भगवत्पूज्यपाद शंकराचार्यांनी हे पांडित्य गृहकृत्यांपुरते समजावे, कारण वेदाचा अधिकार स्त्रियांना नाही, असा अर्थ केला आहे. आचार्यांच्या चरणी माझे मस्तक आहे. परंतु त्याच उपनिषदात तिसऱ्या अध्यायात जनकाच्या सभेत वाचक्नवी गार्गी उभी आहे. शिंगांना सोने बांधलेल्या हजार गाई याज्ञवल्क्यांनी हाकून नेण्यास सांगितल्या, तेव्हा एकामागून एक विद्वान त्यांना प्रश्न विचारून गप्प झाले. गार्गीही एकदा गप्प झाली. अतिप्रश्न करू नकोस, मस्तक गळून पडेल, असे तिला ऐकविण्यात आले. ती पुन्हा उठली. धनुर्धराने दोन बाण घेऊन उभे राहावे तसे आपण दोन प्रश्न घेऊन उभ्या आहोत, असे म्हणाली. उत्तरे मिळाल्यावर, यांना ब्रह्मवादात कुणी जिंकू शकणार नाही, हा निवाडाही सभेला तिनेच दिला. गृहकृत्यांत पंडिता असलेली स्त्री असा निवाडा देऊ शकली असती काय? आचार्यांचा अर्थ त्यांच्या काळाचा होता असे मी नम्रपणे म्हणतो. माझ्या वडिलांनी तो अर्थ आमच्या काळात आणला.

संतमंडळींनी हा अडसर पुष्कळसा काढला. धाकट्या मुक्ताबाईने रुसून ताटी लावून बसलेल्या ज्ञानदेवांना समजाविले, आणि वयोवृद्ध चांगदेवांनी त्या मुलीला गुरू मानले. दळणकांडण करणाऱ्या जनाबाईचे अभंग आज गोपाळपुरात तिचे जाते पाहण्यास येणाऱ्या प्रत्येक वारकऱ्याच्या ओठी असतात. सतराव्या शतकातील बहिणाबाईचे चरित्र मात्र कीर्तनकाराने वारंवार वाचावे असे आहे. कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनाला ती पोरवयात जाऊन बसे. त्यापायी आणि तुकोबांचा ध्यास घेतल्यापायी नवऱ्याचा मार तिने खाल्ला. तरी तिने संसार सोडला नाही आणि तुकोबांनाही सोडले नाही. आणि हे सर्व तिने स्वतःच अभंगांतून लिहून ठेवले. स्वतःची कथा दुसऱ्याने सांगावी याची वाट तिने पाहिली नाही.

दुसऱ्याने सांगितलेल्या कथेचे काय होते, याचे उदाहरण म्हणजे पुण्यश्लोक अहल्याबाई. २०२५ साली त्यांची जन्मत्रिशताब्दी झाली, तेव्हा मी अनेक ठिकाणी त्यांच्यावर कीर्तने केली. त्याआधी तीस वर्षे मी त्यांचे जे आख्यान लावीत असे त्याचा कळस ठरलेला होता: प्रजेवर अन्याय केला म्हणून मातेने पोटच्या पुत्राला, मालेरावाला, हत्तीच्या पायी दिले. या प्रसंगाला बायका पदराने डोळे टिपत आणि पुरुष जयजयकार करीत. त्रिशताब्दीच्या निमित्ताने जुनी साधने चाळली. माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने माळव्यात चौकशी करून लिहिलेला ग्रंथ १८२३ साली प्रसिद्ध झाला, म्हणजे बाईंच्या निधनानंतर तीसही वर्षे उलटली नव्हती. मालेरावाच्या मृत्यूला माताच कारण झाली अशी एक वदंता तेव्हाही होती. माल्कमने तिचा उल्लेख करून ती खोटी ठरविली आहे. मालेराव १७६७ साली, गादीवर येऊन वर्ष होते न होते तोच, भ्रमिष्ट अवस्थेत वारला, आणि त्या आजारात माता रात्रंदिवस त्याच्या उशाशी बसून होती.

रात्रंदिवस उशाशी बसलेली माता आम्हांला का पुरली नाही? हत्ती आम्हांला का हवा झाला? स्त्रीने राज्य उत्तम केले, तर तिचे काळीज आधी दगडाचे असले पाहिजे, असे आपण मनात धरून बसलो होतो की काय! बाईंचे खरे चरित्र त्या हत्तीपेक्षा कितीतरी मोठे आहे. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. त्या सती निघाल्या असता सासरे मल्हाररावांनी अडविले आणि राज्यकारभाराचे शिक्षण दिले. १७६७ पासून १७९५ पर्यंत अठ्ठावीस वर्षे त्यांनी कारभार केला. रोज उघड्या दरबारात बसून गाऱ्हाणी ऐकणे हा त्यांचा नेम. निपुत्रिक विधवेचे धन सरकारजमा करण्याचा मोह त्यांनी धरला नाही. काशी विश्वेश्वराचे मंदिर १७८० साली पुन्हा उभे केले, हे सर्वश्रुतच आहे.

परंतु मला अलीकडे त्यांच्या आयुष्यातला एकच दिवस पुन्हा पुन्हा आठवतो. १७९१ साली जावई यशवंतराव फणसे वारले. नातू त्याआधीच गेलेला. एकुलती एक लेक मुक्ताबाई सती जाण्यास निघाली. स्वतः सती न गेल्यामुळे जिच्या हातून एवढे पुण्य घडले, त्या मातेने लेकीचे पाय धरले, मला या वयात एकटी टाकू नकोस म्हणून विनविले. लेक थांबली नाही. माहेश्वरी नर्मदेच्या काठी दोघा ब्राह्मणांनी दंड धरून ठेवलेल्या स्थितीत बाईंनी ती चिता पाहिली, आणि पुढे तीन दिवस अन्नाला शिवल्या नाहीत. पूर्वी मी हा प्रसंग मुक्ताबाईची थोरवी म्हणून सांगत असे. आता तो तसा सांगवत नाही. उभ्या हिंदुस्थानात जिच्या शब्दाला मान होता, त्या स्त्रीचा शब्द त्या एका ठिकाणी चालला नाही. तो का चालला नाही, तिच्या लेकीच्या कानांवर जन्मभर कोणत्या कथा पडल्या असतील आणि त्या कुणी सांगितल्या असतील, हा विचार गादीवर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाने करावा.

‘पंडिता’ हा शब्द पुन्हा एकदा एका महाराष्ट्रकन्येला लाभला. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविले, आणि त्याबद्दल त्यांना पंडितांपुढे उभे राहून समर्थन करावे लागले. त्या मातेने रमेला शिकविले. भागवत मुखोद्गत करून घेतले. १८८३ साली रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, याचे शल्य आपल्यापैकी पुष्कळांना आहे, मलाही आहे. परंतु भागवत मुखोद्गत असलेल्या या विधवेला आमच्या मंदिरांतून कोणती जागा मिळाली असती, हे आपण स्वतःला विचारले आहे काय? आज काळ पालटला आहे. पुण्यात गेल्या शतकाच्या उत्तरार्धातच स्त्रिया पौरोहित्य शिकू लागल्या, आणि आता अनेक घरांतून त्यांना सन्मानाने बोलावणे जाते. मात्र त्याच घरांत अष्टमीला कुमारिकापूजन होते, नऊ मुलींचे पाय धुऊन ते पाणी डोळ्यांना लावतात, आणि दहाव्या दिवशी सरस्वतीची पाटी मुलाच्या हाती देतात, असेही माझ्या पाहण्यात आहे.

गेल्या चातुर्मासात अक्का दोन महिने आमच्याकडे होती. वय पंचाहत्तरीकडे झुकलेले, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही बारीक टाइप दिसत नाही. म्हणून दुपारी मी तिला वनपर्व अर्थासह वाचून दाखवीत असे. द्रौपदीचा तो युधिष्ठिराशी झालेला संवाद आला. ही सारी नीती आपण कोठे शिकलो, हे त्याच्या शेवटी द्रौपदी सांगते. माझ्या लक्षात ते कधी राहिले नव्हते. पित्याने एक विद्वान ब्राह्मण घरी ठेवला होता, तो माझ्या भावांना बृहस्पतीची नीती शिकवी. मी काही कामानिमित्त तेथे गेले की पित्याच्या मांडीवर बसून ऐकत असे आणि ते गुरुजी मलाही प्रेमाने समजावून सांगत, असे ती म्हणते.

अक्का म्हणाली, “पुन्हा वाच.” मी पुन्हा वाचले. ती बराच वेळ खिडकीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “मांडीवर घेतलं होतं बघ तिच्या वडिलांनी.”

मला पुढे वाचवेना. पोथी मिटून मी विचारले, “अक्का, अमरकोश आठवतो का गं?” तिने स्वर्गवर्गाला आरंभ केला. देवांची नावे झाली, ब्रह्मदेवाची झाली, विष्णूची अर्ध्यावर आली. एका ठिकाणी मीच मध्ये बोललो आणि चुकलो. तिने हात वर करून मला थांबविले, शब्द दुरुस्त केला आणि पुढे चालू लागली. या अष्टमीला आमच्या घरी सप्तशतीचा पाठ मी करीन. देवीसूक्ताच्या वेळी आसनावर अक्का बसेल. गेले तीन आठवडे ती रोज पहाटे नातीकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेतलेल्या त्या आठ ऋचा माझ्यासमोर घोकते आहे, आणि स्वर चुकला की आधी स्वतःच थांबते.